सहाव्या अध्यायातली जागा

आर्किटेक्चर शिकणाऱ्या अनेकांच्या वाट्याला कधी ना कधी एक अभ्यास येतो. एखादा कलावंत निवडायचा, त्याचं काम पाहायचं आणि त्या कामातून स्फूर्ती घेऊन त्याच्यासाठी स्टुडिओ रचायचा. मग माउंटबोर्डची मॉडेलं उभी राहतात. रझांचा बिंदू गोल खिडकी होऊन भिंतीत बसतो, हुसेनच्या घोड्याची मान छपराचा उतार होते, गायतोंडेंच्या कॅनव्हासमधलं तरंगतं धुकं दुधी काचेचं तावदान होतं. मॉडेल देखणं दिसतं आणि पाहणाऱ्याला चित्रकार लगेच ओळखू येतो. पण तो चित्रकार सकाळी त्या खोलीत येऊन करणार काय? स्वतःच्याच संपलेल्या चित्रांनी चारी बाजूंनी वेढलेल्या जागेत पुढचं चित्र त्यानं कुठं काढायचं?

प्रश्न बांधकामाचा वाटतो, पण त्याचं मूळ धर्मचिंतनात आहे. गीता कर्मावर माणसाचा अधिकार मानते, फळावर मानत नाही. चित्र, शिल्प, ग्रंथ ही कलावंताची फळं. ती लोकांची होतात, विकली जातात, संग्रहालयात टांगली जातात, क्वचित जळूनही जातात. कलावंताकडं उरतं ते कर्म: रोजचं बसणं, पुसणं, पुन्हा सुरू करणं. तेव्हा स्टुडिओ कशातून घडवायचा, त्याच्या फळातून की त्याच्या कर्मातून, हे ठरल्याशिवाय कागदावर पहिली रेघसुद्धा ओढू नये.

हा अभ्यास खर्ड्याच्या मातीवर करून पाहण्यासारखा आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यात, जामखेड तालुक्यात, बालाघाटच्या रांगांलगत हे गाव आहे. इतिहासानं ते लढाईच्या नावानं लक्षात ठेवलं. ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजाम यांची इथं गाठ पडली; पेशवे, शिंदे, होळकर, भोसले एका बाजूनं उभे राहिले अशी ती अखेरची मोठी लढाई. गावाचा चौकोनी भुईकोट निंबाळकरांनी अठराव्या शतकात घडीव दगडात बांधला. याच तालुक्यातल्या चौंडीला १७२५ साली अहिल्याबाई जन्मल्या, आणि पुढं देशभर घाट, बारवा, देवळं बांधत गेल्या. म्हणजे तलवार आणि छिन्नी दोन्हींशी या भागाचं नातं जुनं आहे. चित्रकारांचं गाव म्हणून मात्र खर्ड्याची ख्याती नाही, आणि या अभ्यासाला तेच सोयीचं आहे. नक्कल करायला समोर नमुना नसला की मुळाशी जावं लागतं.

आणि ते मूळ याच जिल्ह्यात, नेवाशात आहे.

शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेवरची आपली टीका प्रवरेकाठच्या नेवाशात सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली अशी परंपरा आहे, तो खांब आजही तिथं उभा आहे. खांबावर जुना कोरीव लेख आहे. देवापुढच्या दिव्याच्या तेलासाठी कुणी केलेल्या दानाचा. मूळ देऊळ गेलं, खांब राहिला, आणि पुढच्या काळातल्या भक्तांनी त्याच्याभोवती नवं मंदिर उभारलं. दुर्गा भागवतांनी या खांबावर लिहिलेला लेख मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे. त्यावरून ज्या संग्रहाला ‘पैस’ हे नाव मिळालं, त्याला १९७१ चा साहित्य अकादमी पुरस्कारही लाभला. स्टुडिओच्या भाषेत बोलायचं तर मराठीतल्या सगळ्यात मोठ्या ग्रंथाच्या निर्मितीची जागा म्हणजे टेकायला एक दगड, समोर लिहून घेणारा एक माणूस आणि ऐकणारी मंडळी. त्या खांबात ज्ञानेश्वरीचा एकही दृष्टान्त कोरलेला नव्हता. तो ज्ञानेश्वरांसाठी उभारलेलाही नव्हता.

याहून मोलाची गोष्ट ग्रंथाच्या आत, सहाव्या अध्यायात आहे. योगाभ्यासाला बसायची जागा शुद्ध असावी, आसन फार उंच किंवा फार सखल नसावं, असं गीता थोडक्यात सांगते. ज्ञानेश्वर तिथं थांबतात आणि जागेचं वर्णन विस्तारानं करू लागतात. आजच्या कुठल्याही वास्तुकारानं ते प्रकल्पाचा कागद म्हणून वाचावं इतकं ते नेमकं आहे. जागा अशी हवी की बसलं की उठावंसं वाटू नये. सहज वाटेनं जाणाऱ्यालाही तिथं थांबावंसं वाटावं, नास्तिकालाही तप करण्याची इच्छा व्हावी, आणि राजानं पाहिली तर त्याला राज्य सोडून इथंच निवांत राहावं असं वाटावं. झाडं गोड फळांची, तीही सदा फळणारी. पाणी जवळ आणि पावसाळ्यातही निवळ. ऊन सौम्य, वारा शांत आणि गार. आवाज जवळजवळ नसावा, श्वापदांची वर्दळ नसावी, पोपटांचा आणि भुंग्यांचा गलबलाटही नको. पाण्यालगत हंस, दोनचार सारस, कधीमधी एखादी कोकिळा चालेल. मोर सतत नसावेत, पण मधूनच आले-गेले तर आपली ना नाही, असं ज्ञानेश्वर म्हणतात. अशा ठिकाणी एखादा गुप्त मठ किंवा शिवालय शोधावं.

मोरांबद्दलची ही सवलत फार महत्त्वाची आहे. संपूर्ण शांतता मागणारा माणूस अजून कामाला बसलेला नसतो. काम करणाऱ्याला ठाऊक असतं की अधूनमधून येणारा आवाज चालतो. सतत येणारा चालत नाही. ज्ञानेश्वरांनी इथं आवाजाची मात्रा ठरवली आहे. आसनाबद्दलही त्यांचा विचार असाच देहातून निघालेला आहे. आसन उंच झालं तर अंग डोलेल, फार सखल झालं तर जमिनीचा दोष बाधेल. दर्भ, त्यावर धूतवस्त्र, त्यावर मृगाजिन हा क्रमसुद्धा ओल, गारवा आणि टोचणं यांचा हिशेब करून लावलेला दिसतो.

या सगळ्या वर्णनात एक गोष्ट कुठंच नाही. ज्याचं ध्यान करायचं, त्याच्या रूपाची सजावट. जागा योग्याला ईश्वर कसा दिसतो हे सांगत नाही. ती फक्त त्याला बसतं करते. ज्यानं ईश्वराच्या सगुण रूपावर इतक्या ओव्या रचल्या, त्या कवीनं साधनेची जागा ठरवताना रूपाला बाहेर ठेवलं, याचा विचार स्टुडिओ रचणाऱ्यानं करायला हवा.

आता खर्ड्याकडं परत येऊ आणि उजेडाचं बघू. स्टुडिओला उत्तरेचा उजेड हवा, हे सूत्र युरोपातल्या चित्रकारांकडून आपल्याकडं आलं आणि पाठ होऊन बसलं. पॅरिस जवळजवळ ४९ अक्षांशावर आहे. तिथं भर दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेलाच असतो, म्हणून मोठी उत्तर खिडकी दिवसाचा बराच वेळ सारखा, सावली न हलवणारा उजेड देते. खर्डा साडेअठरा अंशांच्या किंचित वर आहे. इथं मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून उत्तरेकडं झुकलेला असतो. उन्हाळ्याच्या बहुतेक दिवसांत तर तो उगवतो आणि मावळतोही पूर्व-पश्चिमेच्या उत्तरेला. पाठ केलेल्या सूत्रानं उघडी उत्तर खिडकी ठेवली, तर ऐन मे-जूनमध्ये सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन थेट कॅनव्हासवर येईल आणि दुपारी काचेला चाटून जाईल. खोल छज्जा हवा, खिडकीच्या दोन्ही अंगांना उभे आडोसे हवेत, किंवा उजेड आधी पांढऱ्या भिंतीवर पाडून मग आत घ्यायला हवा. कुणाच्या तरी चित्रातून उचललेला आकार यातलं काही सांगणार नाही. ते सांगेल खर्ड्याचा सूर्य आणि चित्रकाराचा हात.

इथं कुणी म्हणेल, मग कलावंताच्या कामातून स्फूर्ती घेणं सगळंच फोल का? याचं उत्तर देण्याआधी अहमदाबादच्या गुंफेपाशी, हुसेनच्या कामासाठी बांधलेल्या कलादालनापाशी, थांबावं लागेल, कारण ते उदाहरण इतकं जोरकस आहे की त्याला वळसा घालणं अप्रामाणिकपणाचं होईल. तिच्यामागचे दोघेही महाराष्ट्रात जन्मलेले. वास्तुकार बाळकृष्ण दोशी १९२७ साली पुण्यात, फर्निचरच्या धंद्यातल्या घरात जन्मले आणि मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले, मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म पंढरपूरचा. १९९५ मध्ये पूर्ण झालेली ही गुंफा जमिनीखाली आहे. आत एकही भिंत सरळ उभी नाही. फेरोसिमेंटची जेमतेम इंचभर जाडीची कवचं, झाडांच्या बुंध्यांसारखे वेडेवाकडे आधार, वर तोंड काढलेल्या झरोक्यांतून जमिनीवर पडणारे उजेडाचे गोल, आणि बाहेरून घुमटांवर फुटक्या चिनी मातीच्या तुकड्यांचं आवरण, त्यावर पसरलेला काळा नाग. आराखड्याची गणितं संगणकावर झाली आणि बांधकाम साध्या हत्यारांनी, साध्या मजुरांनी केलं. दोशींनी स्वतः सांगितलेल्या कथेत विष्णूचा कूर्मावतार, कासव, स्वप्नात येऊन या रूपाची दिशा दाखवतो. अजिंठा-वेरूळच्या लेण्यांचं ऋणही त्यांनी मानलं.

वरवर पाहिलं तर ही सगुण वास्तू, रूपानं ओथंबलेली. पण तिच्यात हुसेनच्या चित्रांची नक्कल कुठं आहे? घोड्याची मान नाही, छत्रीचा आकार नाही. दोशींनी हुसेनना उलट अडचणीत टाकलं. टांगायला सपाट भिंतच ठेवली नाही. मग हुसेननी वाकलेल्या पृष्ठभागावरच रंगवायला घेतलं, दरवाजे रंगवले, धातूच्या आकृत्या त्या खांबांमध्ये उभ्या केल्या. तरुणपणी मुंबईत सिनेमाची भलीमोठी पोस्टरं रंगवून पोट भरलेल्या माणसाचा हात होता तो. उभं राहून, सगळा खांदा फिरवून, पृष्ठभागाशी झटून रंगवणं ही त्याची सवय. दोशींनी ती सवय ओळखली आणि तिला झटायला जागा दिली. अशी स्फूर्ती कर्मातून घेतलेली असते, आणि गुंफेच्या यशाचं कारण नेमकं तेच आहे.

वासुदेव गायतोंडे यांच्यासाठी मात्र अशी गुंफा कुणी बांधली असती तर ती त्यांनी पाहिली असती आणि शांतपणे नाकारली असती, असं त्यांच्या कामाची पद्धत पाहता वाटतं. १९२४ साली नागपुरात जन्मलेला, गोव्याच्या घरातला हा चित्रकार. झेन विचाराकडं ओढ, हातात कुंचल्याऐवजी रोलर आणि पॅलेट नाइफ, आणि वर्षाकाठी पाच-सहाच कॅनव्हास. दिल्लीला गेल्यावर निजामुद्दीनमधल्या एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या लहान खोलीत, त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. वर्षाला पाच-सहा चित्रं याचा अर्थ बाकीचे दिवस बहुतांशी पाहण्यात, वाट पाहण्यात गेले. विद्यार्थी ज्या धुक्याला दुधी काचेत पकडू पाहतो, ते धुकं त्या साध्या खोलीत तयार झालं. गायतोंडेंसाठी जागा रचायची तर आधी एका खुर्चीचा आणि एका भिंतीचा विचार करायला हवा: किती अंतरावरून पाहायचं, पाठ कुठं टेकायची, दाराची चाहूल मागून लागेल की समोरून. उरलेल्या बांधकामाला त्यानंतर हात लावावा.

कलेसाठी बांधलेली प्रत्येक जागा कर्माची नसते. औंधला तिथले संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभारलं, तेव्हा नैसर्गिक उजेड चित्रांवर कसा पडेल याचा विचार करून इमारत बांधली. पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. पण ते संग्रहालय आहे, फळांचं घर. आणि फळांच्या घराला आपली वेगळी शोभा असते. शिल्पकार करमरकरांचं सासवण्याचं घर फळांचं घर आणि कर्माची जागा या दोहोंच्या मधोमध आहे. विनायक पांडुरंग करमरकर, ज्यांना लोक नानासाहेब म्हणत, १८९१ साली अलिबागजवळच्या या गावात जन्मले. गावच्या राममंदिराच्या भिंतीवर त्यांनी काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेला पडलं आणि मुलगा जे. जे. त गेला. पुढं १९२८ मध्ये पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांच्या हातून घडला. मोठं नाव झाल्यावरही ते सासवण्याला धरून राहिले. तिथली कोळीण, तिथली गुरं सिमेंटमध्ये घडवली. आज त्या घरात, अंगणात ही शिल्पं गावातल्या माणसांसारखी उभी-बसलेली दिसतात. घर शिल्पांसारखं केलेलं नाही. शिल्पं घरातली झाली आहेत.

घराचा विषय निघाला की संत मंडळींकडं जावं लागतं, आणि खर्ड्याहून ती फार लांब नाहीत. दक्षिणेला सोलापूर जिल्ह्यात अरण, सावता माळ्याचं. पूर्वेकडं धाराशिव जिल्ह्यात तेर, गोरोबा कुंभारांचं. सावता महाराज मळा सोडून पंढरीला गेले नाहीत; विठ्ठलच मळ्यात आला, अशी कथा. म्हणून इतर संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात आणि अरणला पांडुरंगाची पालखी येते. कामाच्या जागेचा एवढा मोठा सन्मान दुसऱ्या कुठल्या परंपरेत वार्षिक सोहळा होऊन बसला असेल, असं वाटत नाही. वाफा, मोट, भाजी हेच देऊळ, आणि देवानं तिथं यायचं.

पण गोरोबांची कथा या सुखावर भला मोठा प्रश्न ठेवते. चिखल तुडवताना कुंभार भजनात तल्लीन झाले आणि स्वतःचं रांगतं मूल पायाखाली आलं, ते त्यांना कळलं नाही. पुढं विठ्ठलानं मूल परत दिलं, असं परंपरा सांगते, आणि भक्त त्या कृपेपाशी थांबतात. स्टुडिओ रचणाऱ्यानं त्या आधीच्या क्षणापाशी थांबावं. कामात बुडणं हेच साधनेचं शिखर मानलं, तर मग मुलाचं काय? ज्ञानेश्वरांनी सांगितलेली जागा एकांताची आहे. तिथं संसार नाही. गोरोबांची जागा घराच्या अंगणातच होती. आपल्या देशात आजही बहुतेक कारागीर अंगणात, ओसरीवर, पत्र्याच्या शेडमध्ये काम करतात, आणि बायका तर चूल, पाळणा आणि काम यांच्यात भिंत नसलेल्या जागेतच कला करत आल्या. एकांताची मागणी करताना तो एकांत कुणाच्या श्रमावर उभा राहतो, हे विचारलं पाहिजे. कलावंताची तल्लीनता पवित्र आहे, पण तिची किंमत दुसऱ्यानं मोजू नये. म्हणून खर्ड्याच्या स्टुडिओत कामाची जागा घरालगत असावी, मध्ये उंबरा असावा आणि त्या उंबऱ्याला एक आडवं फाटक असावं, रांगत्या मुलाच्या उंचीचं. फाटकाच्या वरून नजर पलीकडं जावी. हत्यारं, आम्लं, ओली माती अलीकडं राहावीत. ही तपशिलाची गोष्ट धर्मविचाराबाहेरची वाटत असेल तर गोरोबांची कथा पुन्हा ऐकावी.

फळ आणि कर्म यांतला फरक नगर शहरानं २०१८ मध्ये फार कठोरपणे पाहिला. शिल्पकार आणि चित्रकार प्रमोद कांबळे यांच्या स्टुडिओला आग लागली आणि अनेक वर्षांचं काम त्यात गेलं. ती हानी भरून येणारी नव्हती, आणि तिला तत्त्वज्ञानाचं मलम लावणंही बरं नव्हे. तरी ते पुन्हा कामाला लागले, ही गोष्ट जिल्ह्यातल्या प्रत्येक कलाशिक्षकानं आपल्या मुलांना सांगावी अशी आहे. जळालेल्या स्टुडिओची जागा नव्यानं रचायची असती तर कुणी त्यांच्या गेलेल्या शिल्पांचे आकार छपरावर चढवले असते का? रचणाऱ्याला आधी विचारावं लागलं असतं की माती कुठं भिजत ठेवता, जड साचा कुठून फिरवता, वायरिंग किती जुनं आहे, पाण्याचा नळ कामापासून किती पावलांवर आहे.

तर खर्ड्याला काय उभं राहावं? स्थानिक दगडाची जाड भिंत, कारण इथला उन्हाळा पत्र्याच्या छपराखाली सहा तास बसू देत नाही. आतून दरवर्षी चुन्याचा हात देता येईल अशी साधी पृष्ठं. उत्तरेला झाकलेली, खोल खिडकी. बसण्याची उंची कारागिराच्या गुडघ्यावरून मोजलेली, कुठल्याही कॅटलॉगमधून घेतलेली नाही. पावसाचं पाणी साठवणारा हौद, कारण अवर्षणाच्या या पट्ट्यात माती भिजवायलाही पाणी जपून वापरावं लागतं. आणि भिंतीवर कुठल्याही थोर कलावंताचं रूप नाही. मोर आले-गेले तर चालतील.

यावर अहमदाबादच्या गुंफेचा आक्षेप शिल्लक राहतोच, आणि तो खरा आहे. इतकी सोयीची, इतकी समंजस खोली मिळाली तर हुसेनसारखा माणूस आठवड्यात कंटाळून रस्त्यावर निघून जाईल. काही कलावंतांना शांतता बसतं करते, काहींना अडथळा. म्हणून त्या खर्ड्याच्या खोलीत निदान एक पृष्ठभाग असा हवा, जो सरळ मिळणार नाही: वाकलेला, खडबडीत, किल्ल्याच्या तटासारखा हाताला दाद न देणारा. तो कुठं असावा, केवढा असावा, हे आराखड्यात आधी ठरवता येणार नाही. कलावंतानं त्या जागेत दोन-तीन उन्हाळे काढल्यावर गवंड्याला बोलावून ते दोघांनी मिळून ठरवावं, आणि त्यासाठी अंदाजपत्रकात थोडी रक्कम पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवावी.